मीटरवरची चकती

धाकटीला भावोजींचा तिटकारा त्यांच्या पहिल्या धंद्यापासूनच होता. तो धंदा चुंबकी गाद्यांचा. त्या गादीवर झोपलं की रक्त शुद्ध होतं असं भावोजी गावभर सांगत आणि स्वतः मात्र साध्या कापसाच्या गादीवर घोरत पडत. त्यानंतर पाणी 'जिवंत' करणारी बाटली आली, मग मोबाइलचे किरण शोषून घेणारा खडा आला. प्रत्येक धंदा वर्षभरात आटोपायचा, उरलेला माल ताईच्या पलंगाखाली सरकवला जायचा आणि भावोजी ताज्या दमाने नवी व्हिजिटिंग कार्डं छापून घ्यायचे. आई म्हणायची, जावईबापू भारी धडपडे आहेत. धाकटी म्हणायची, धडपडे आहेत खरे, फक्त दर वेळी पडतात ते दुसऱ्याच्या अंगावर.

ती स्वतः नॅनोपदार्थ आणि ऊर्जा या विषयात एमएससी करत होती, शेवटच्या वर्षाला. घरात हे नाव कोणाला धड घेता येत नसे. शेजारणीने विचारलं तर आई 'बारीक बारीक गोष्टींचं शिक्षण' असं सांगून मोकळी व्हायची. प्रत्यक्षात ते शिक्षण म्हणजे काळी पूड. रद्दी कागद हवा न लागू देता भट्टीत जाळायचा, उरलेला कोळसा खलात घोटायचा, त्याच्यावर मँगनीज ऑक्साइडचे डोळ्यांना न दिसणारे कण चढवायचे, त्याचा चिकट लगदा धातूच्या जाळीवर लिंपायचा, सुकवायचा आणि ती जाळी किती वीज साठवून ठेवते ते मोजायचं. बॅटरीची एक चपळ बहीण असते, झटकन भरणारी आणि झटकन रिकामी होणारी. सुपरकपॅसिटर म्हणतात तिला. ही सगळी खटपट तिच्यासाठी. धाकटीची नखं दोन वर्षांत कधी पांढरी दिसली नव्हती.

तिचे मार्गदर्शक विभागात 'पुन्हासर' म्हणून ओळखले जात. कोणीही कसलाही आलेख घेऊन गेलं की सर चष्मा कपाळावर चढवत, कागद लांब धरत आणि म्हणत, "पुन्हा करा." एकदा आलेला आकडा हा आकडा नसतो, असं त्यांचं म्हणणं. पोरं त्यांच्या नावाने बोटं मोडत. एक विद्यार्थी तर त्यांना बघितलं की नुसतीच मान हलवायचा. त्याला सगळे 'होयबा' म्हणत. धाकटीला मात्र पुन्हासरांबद्दल मनातून आदर होता. घरात भावोजींसारखा माणूस पाहिल्यावर, स्वतःच्या आकड्यावरही विश्वास न ठेवणारा एक तरी माणूस जगात आहे, याचंच तिला अप्रूप.

एका रविवारी ताईकडे जेवण आटोपल्यावर भावोजींनी खिशातून एक चकती काढून टेबलावर ठेवली. रुपयाएवढी, मागे चिकट, पुढे काळ्या रंगात षटकोनांची जाळी छापलेली.

"नॅनो चकती," भावोजी म्हणाले. "विजेच्या मीटरवर चिकटवायची. बिल निम्म्यावर."

"कसं काय?" धाकटीने विचारलं.

"ते तू सांगायचंस. तू सायंटिस्टबाई."

"मीटरच्या डब्यावर कागद चिकटवला तर आतली वीज कशाला कमी होईल, भावोजी?"

"बघ, म्हणूनच म्हणतो तपासून घे. तुमच्याकडे ते मोठं यंत्र आहे ना, एवढ्याचं एवढं दाखवणारं?"

धाकटीने चकती उचलली. नाही म्हटलं असतं तर भावोजी वर्षभर म्हणत राहिले असते की मेहुणीने साधी मदत केली नाही. तपासून त्यांच्या हातात निकाल ठेवावा आणि प्रकरण कायमचं मिटवावं, असा तिने हिशेब केला. माणूस पुराव्यापुढे गप्प बसतो, असं तिला त्या वयात वाटत होतं.

त्या आठवड्यात तिची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर पाळी होती. स्वतःचे नमुने झाल्यावर तिने चकतीचा एक तुकडा आत सरकवला. जे निघालं ते बघून तिला हसू आलं. कागद, त्यावर थोडी खडूची भुकटी आणि छापखान्याची काळी शाई. तिने तिथूनच भावोजींना फोन लावला.

"काय निघालं?"

"शाई. पुस्तकं छापतात ती."

"शाईत काय असतं?"

"काजळी."

"म्हणजे?"

"म्हणजे कार्बन. कोळशात असतो, पेन्सिलीत असतो, तुमच्या स्कूटरच्या धुराड्यात असतो."

"आणि नॅनो आहे का?"

"काजळीचे कण तेवढेच बारीक असतात, भावोजी. तव्याखालचे पण असतात. त्यात कौतुक कसलं?"

"बस्स. एवढंच हवं होतं. देव तुझं भलं करो."

फोन बंद झाला. आपण त्यांचं नाक चांगलं ठेचलं, अशा समाधानात धाकटी तो दिवसभर वावरली.

महिनाही गेला नसेल, पुन्हासरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर एक गुळगुळीत पत्रक पडलं होतं. त्यावर ती चकती सूर्यासारखी तेजाळत होती आणि खाली लिहिलं होतं, 'अस्सल नॅनो-कार्बन. विद्यापीठाच्या संशोधिकेने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासलेली.' धाकटीने ते दोनदा वाचलं. आता सर आपल्याला फाडून खाणार, आणि खावंच, असं मनाशी म्हणत ती उभी राहिली.

"बसा," सर म्हणाले. "तुमचे भावोजी येऊन गेले. उमदे गृहस्थ आहेत."

"सर, त्यांनी माझं बोलणं तोडून छापलंय. ती नुसती शाई आहे."

"हो, म्हणाले ते, तुम्ही थोड्या कडक आहात म्हणून." सरांनी पत्रक उलटं करून पाहिलं, जणू मागे काही बरं लिहिलेलं असेल. "असं आहे, पुढच्या सत्रात आपल्या अभ्यासक्रमाची तपासणी करायला समिती येतेय. उद्योगाशी संबंध काय, असं या समित्या विचारतातच. आपल्याकडे त्या रकान्यात काहीच नाही. भावोजी त्यांच्या कंपनीतर्फे आपल्याशी करार करायला तयार आहेत. उद्घाटनाला त्यांनी मला प्रमुख पाहुणा म्हणून बोलावलंय."

"कंपनी म्हणजे ते स्वतः आणि एक छापखाना आहे, सर."

"लहानापासूनच मोठं होतं."

"पण सर, चकतीने बिल कमी होत नाही."

पुन्हासरांनी चष्मा कपाळावर चढवला. "किती नमुने तपासलेत?"

"एक."

"एका नमुन्यावरून निष्कर्ष काढता? पुन्हा करा."

धाकटी बाहेर आली तेव्हा तिला रागही धड आला नव्हता. दोन वर्षं ज्या शब्दाला ती प्रामाणिकपणाची खूण समजत होती, त्या शब्दाचा त्यांनी टेबल पुसायचा फडका केला होता. केबिनबाहेर होयबा उभा होता. त्याने विचारलं, "सर काय म्हणाले?" तिने उत्तर द्यायच्या आधीच त्याने मान हलवली.

संध्याकाळी ती तडक ताईकडे गेली. ताई ओट्यापाशी भांडी विसळत होती. भावोजी हॉल ठरवायला गेले होते.

"ताई, त्यांना सांग माझं नाव काढायला."

"नाव कुठे घातलंय? संशोधिका म्हटलंय नुसतं."

"आणि तुला पटतं हे?"

ताईने नळ बंद केला. "मी काय मूर्ख आहे का गं? गाद्या माझ्याच पलंगाखाली आहेत. मला ठाऊक आहे चकतीने काय होतं ते. पण ह्यांना दुसरं काय येतं? सकाळी उठून कुठेतरी जायला निमित्त लागतं माणसाला."

"मग नोकरी करावी."

"तू सांग. ऐकतील हं तुझं." ताईने हात पुसले आणि मग, बोलू नये ते बोलायच्या आधी माणूस जसा थांबतो तशी थांबली. "आणि एक विचारू? तुझ्या त्या काळ्या पुडीने तरी आजवर कोणाच्या घरात दिवा लागलाय?"

धाकटीकडे याला उत्तर होतं. लांबलचक होतं, त्यात साठवण होती, सूर्यप्रकाश होता, पुढची वीस वर्षं होती. पण ते उत्तर ओट्यापाशी द्यायच्या लायकीचं नाही असं तिला वाटलं, आणि ताई ते ऐकायच्या लायकीची नाही असंही. ती चपला घालून निघून आली.

उद्घाटनाला ती जाणारच नव्हती. आईने हट्ट धरला. "चारचौघांत जावईबापूंची शोभा नको. येऊन गप्प बस एका कोपऱ्यात." म्हणून गेली.

हॉल सोसायटीच्या सभा भरतात तसा, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांचा. मागे बिस्किटांच्या आणि चहाच्या टेबलाजवळ गर्दी जास्त, पुढे कमी. आलेली माणसं बहुतेक पेन्शनवाली आणि त्यांच्या बायका, चकती फुकट मिळेल या आशेवर. धाकटीने एकेक चेहरा न्याहाळला. आयुष्यभर बँकेत आणि कचेऱ्यांत एक-एक पैसा जुळवलेली ही माणसं, घरी भाजीवालीशी पाव किलोसाठी हुज्जत घालणारी, आणि इथे एका छापील कागदापुढे तोंडं वासून बसली होती. तिला कोणाचीच कीव आली नाही.

मंचावर भावोजी नव्या कोटात होते. त्यांच्या शेजारी पुन्हासर, गळाबंद शर्टात, प्रयोगशाळेत कधी न दिसणारं हसू लावून. मधे एका टेबलावर दोन दिवे, दोघांना जोडलेले, आकडे दाखवणारे दोन मीटर. एका मीटरवर चकती चिकटवलेली, त्याचा आकडा लहान. दुसऱ्याला काही नाही, त्याचा आकडा मोठा.

भावोजी खोटं बोलले, पण निदान मनापासून बोलले. हात फिरवले, घाम पुसला, 'ऊर्जा', 'कंपन' आणि 'भावी पिढी' हे शब्द एका दमात वापरले. मग सर उठले. सरांचं भाषण धाकटीने श्वास रोखून ऐकलं, कारण तिला एक तरी खोटं वाक्य पकडायचं होतं. एकही सापडलं नाही. सर म्हणाले, नॅनोपदार्थांत अपार शक्यता दडल्या आहेत. कार्बन हा अद्भुत पदार्थ आहे. ऊर्जाबचत ही काळाची गरज आहे. अशा उपक्रमांकडे खुल्या मनाने पाहायला हवं. प्रत्येक वाक्य खरं आणि चकतीचा उल्लेख कुठेच नाही, आणि खाली बसेपर्यंत समोरच्या प्रत्येक माणसाची खात्री पटली की एवढा मोठा प्रोफेसर चकतीची हमी देतोय. भावोजींना हे आयुष्यभर जमलं नसतं. त्यासाठी पीएचडी लागते.

"आणि आता," भावोजी माइकवर म्हणाले, "जिने ही चकती स्वतः तपासली, ती आमची मेहुणी दोन शब्द बोलेल."

आईने कोपरखळी मारली. म्हणजे उठ आणि गोड बोल. धाकटी उठली, मंचावर गेली, माइकला हातही लावला नाही. ती सरळ टेबलापाशी गेली, नखाने चकती सोलून काढली आणि दुसऱ्या मीटरवर चिकटवली.

सगळ्यांनी माना पुढे काढल्या. आकडे होते तसेच राहिले. जिथे चकती नव्हती तिथे लहान, जिथे चकती होती तिथे मोठा.

धाकटीने भावोजींकडे बघितलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. आयुष्यात पहिल्यांदाच या माणसाला शब्द सुचत नाहीत, असं वाटून तिला गुदगुल्या झाल्या. पण ते क्षणभरच.

"पाहिलंत?" भावोजी माइकवर ओरडले. "चकती काढली तरी गुण तसाच राहिला. एकदा लावली की मीटरला कायमची सवय लागते. आणि नव्या मीटरमध्ये मुरायला थोडा वेळ हवा. मेहुणीबाईंनी फार सोप्या रीतीने दाखवलं."

टाळ्या पडल्या. चांगल्या जोरात पडल्या. मागून चहाचा कप खाली ठेवून एक गृहस्थसुद्धा टाळ्या वाजवू लागले.

धाकटी टेबलापाशीच राहिली. मग तिने दोन्ही दिवे बंद केले, रुमालात धरून काढले आणि अदलाबदल करून पुन्हा बसवले. आता आकडे उलटले. आधी चकतीच्या मीटरला जोडलेला दिवा मुळातच कमी विजेचा होता. काच दुधी असल्याने बाहेरून दोघे सारखे दिसत होते, इतकी साधी लबाडी. तिने वळून लोकांकडे पाहिलं. कोणीच बघत नव्हतं. पहिल्या रांगेतले निवृत्त हेडक्लार्क उभे राहून भावोजींना विचारत होते, "म्हणजे लावून काढली तरी चालते?"

"हो, हो. गुण जात नाही."

"मग प्रत्येकाने वेगळी कशाला घ्यायची?"

भावोजींनी घाईघाईने माइक तोंडाशी नेला.

"आमच्या बिल्डिंगला एक पुरे," हेडक्लार्क मागे वळून सगळ्यांना म्हणाले. "आज माझ्याकडे, उद्या तुमच्याकडे. आळीपाळीने लावू."

"आमच्या नणंदेच्या बिल्डिंगलाही देता येईल मग," एक बाई म्हणाल्या.

"नाही, तसं नाही, मुरायला वेळ लागतो," भावोजी म्हणत होते.

"लागू दे की. आम्हाला कुठे घाई आहे?"

बघता बघता तिथेच गट पडले. कोणाकडे आधी, कोणाकडे नंतर यावरून हुज्जत सुरू झाली. खोकीच्या खोकी भरून आणलेल्या चकत्यांपैकी जेवढ्या इमारती तेवढ्याच खपल्या, त्याही घासाघीस करून. आपली हाव भावोजींच्या थापेपेक्षा मोठी निघाली, हे तिथल्या एकाच्याही लक्षात आलं नाही.

फक्त एका माणसाने दिव्यांची अदलाबदल नीट पाहिली होती. पुन्हासर टेबलापासून हातभरावर बसले होते. आकडे उलटताना त्यांची नजर मीटरवर होती, हे धाकटीने पाहिलं. तिची नजर आपल्यावर आहे असं कळताच त्यांनी खिशातून फोन काढला आणि त्यात बघत बसले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला बोलावलं.

"लोकांपुढे थोडा संयम हवा होता," ते म्हणाले.

"तुम्ही पाहिलंत, सर."

"मी त्या चकतीबद्दल एकही चुकीचं वाक्य बोललो नाही."

"माहीत आहे. मी मोजत होते."

सरांनी पेपरवेट इकडचा तिकडे केला. "तुमचा प्रबंध कुठपर्यंत आलाय?"

तिने शेवटचे आलेख पुढे ठेवले. एका जाळीने फारच भरघोस वीज साठवली होती, सगळ्यांपेक्षा वरचढ. एरवी सरांनी तो कागद लांब धरला असता. आता त्यांनी तो हातातही घेतला नाही. "छान," म्हणाले. "उत्तम आलाय. लिहून टाका."

त्या 'छान'ने तिला जेवढा अपमान वाटला तेवढा भावोजींच्या पत्रकाने वाटला नव्हता. हा माणूस आपल्याला घाबरला आहे, आणि घाबरून आपल्याला चांगले गुण देणार आहे, हे तिला लख्ख दिसलं. तिने कागद उचलले आणि प्रयोगशाळेत गेली. नवी पूड केली. नव्या जाळ्या लिंपल्या. त्यासाठी तिने सत्राची सुट्टी घालवली, उद्घाटनापासून आईने अबोला धरल्याने घरी जायची तशीही ओढ नव्हती. नव्या जाळ्यांपैकी एकीनेही तेवढी वीज साठवली नाही. पहिल्या जाळीवर लगदा जाड बसला होता आणि तिचं वजन करताना चूक झाली होती, एवढंच. भरघोस आकडा फुसका निघाला. खरा आकडा बेताचाच होता, कोणाच्याही प्रयोगशाळेत निघेल असा.

तिने तोच लिहिला. सरांनी वाचलं आणि पहिल्यांदा थोडे चिडले. "आधीचा आकडा काय वाईट होता? पेपर छापता आला असता."

"चूक होती त्यात."

"तुम्ही फार ताणता."

"तुम्हीच शिकवलंत, सर," ती म्हणाली. हे बोलताना तिच्या आवाजात उपकाराची भावना अजिबात नव्हती, आणि ते सरांनाही कळलं.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी प्रबंध चाळला. "आकडा फारसा मोठा नाही," ते म्हणाले. "नाही," ती म्हणाली. त्यांनी अजून काही स्पष्टीकरण येईल म्हणून वाट पाहिली, आलं नाही तेव्हा पुढचा प्रश्न विचारला. तिला मधली श्रेणी मिळाली. होयबाला वरची. त्याचे सगळे आलेख पहिल्या झटक्यात सुरेख आले होते आणि त्याने ते कधीच दुसऱ्यांदा काढले नव्हते. समिती येऊन गेली, उद्योगाशी संबंधाच्या रकान्यात भावोजींच्या कंपनीचं नाव वाचून सदस्यांनी समाधान व्यक्त केलं. ती कंपनी तोवर बंद पडली होती.

आई आणखी काही दिवस बोलली नाही, मग सवयीने बोलू लागली. भावोजी आता घराच्या छतावर लावायच्या कुठल्याशा पात्यांच्या मागे होते. ताईने एका दिव्यांच्या दुकानात बिलं करायची नोकरी धरली. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. धाकटीला ते कळलं तेव्हा ताईला नोकरीला लागून अकरा दिवस झाले होते की महिना, हेही ताई सांगेना.

निकालानंतर ताईचाच फोन आला. मागे दुकानाचा आवाज होता.

"तुझं ते संपलं का एकदाचं?"

"संपलं. पास झाले."

"कितवी?"

"मधे कुठेतरी."

मागचा आवाज कमी झाला, ताई बाजूला गेली असावी. "माझं त्या दिवशीचं बोलणं मनावर घेऊ नकोस."

"घेतलं होतं," धाकटी म्हणाली. "बरोबरच होतं ते. अजून तरी कोणाच्या घरात दिवा लागलेला नाही."

"आता काय करणार?"

"बॅटरीच्या कारखान्यात लागतेय. तपासणी विभागात. तयार झालेल्यातल्या नासक्या वेगळ्या काढायच्या."

"ते जमेल तुला," ताई म्हणाली, आणि तिला हसू आलं ते फोनवरही कळलं. "माणसं बरी आहेत का तिथली?"

"सोमवारी भेटतील. पण मला आशा नाही."

"थांब जरा, गिऱ्हाईक आलंय," ताई म्हणाली. "दोन्ही दिवे सारखेच आहेत का विचारतंय."